सनदेतले बाजीराव कोणते?

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की दगड-चुन्याबरोबर जुनी पेटीही उघडली जाते. कुणाच्या माळ्यावरून मोडी कागदांचे पुडके खाली येते, कुणाच्या देव्हाऱ्याखालून ताम्रपट निघतो. चार जाणती माणसे जमतात आणि कागदावरचे एक नाव वाचले जाते, 'बाजीराव'. लगेच गावभर होते की देवाला दिवाबत्तीची जमीन थोरल्या बाजीरावांनी दिली. पुढे तेच वाक्य दारावरच्या संगमरवरी पाटीवर कोरले जाते, आणि एकदा पाटीवर गेलेले नाव खोडायला कोणी धजत नाही.

पण मराठ्यांच्या इतिहासात पेशवेपदावर बाजीराव एक नव्हे, दोन झाले. त्यांच्यामध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. थोरले बाजीराव इ. स. १७२० पासून १७४० पर्यंत पेशवे होते. दुसरे बाजीराव १७९६ साली पदावर आले आणि १८१८ साली राज्य इंग्रजांच्या हाती गेले. पहिल्याने नर्मदेपलीकडे मराठ्यांचा दरारा नेला, दुसऱ्याच्या हातून शनिवारवाडा गेला. गावाला पहिला हवा असतो, हे स्वाभाविकच आहे.

नावे अशी पुन्हा पुन्हा का येतात, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत आहे. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव. बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब पेशवे. थोरल्या बाजीरावांचे दुसरे पुत्र रघुनाथराव. त्यांनी आपल्या मुलाला वडिलांचे नाव दिले, ते दुसरे बाजीराव. धाकट्या मुलाला रघुनाथरावांच्या चुलत्यांचे नाव मिळाले, चिमाजी आप्पा. वसई जिंकणारे चिमाजी आप्पा १७३९ चे. हे दुसरे त्यांच्या मागून दोन पिढ्यांनी आलेले. शिवछत्रपतींचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला पडले, आणि महाराजांच्या थोरल्या पुत्राचे नाव संभाजीच ठेवले गेले. घरात ही रीत गोड वाटते. दप्तरात मात्र तिने मोठा घोळ करून ठेवला आहे.

गावात एका नावाचे दोन गृहस्थ असले म्हणजे लोक थोरला-धाकटा किंवा वाड्यातला-मळ्यातला असा भेद करतात, आणि सात-बाऱ्यावर बापाचे नाव लागते. जुन्या कागदांतही हीच सोय आहे. थोरले बाजीराव हे 'बाजीराव बल्लाळ', म्हणजे बाळाजींचे पुत्र. दुसरे हे 'बाजीराव रघुनाथ'. माधवरावही दोन. थेऊरला १७७२ साली देह ठेवलेले 'माधवराव बल्लाळ' आणि त्यांच्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेले सवाई माधवराव, म्हणजे 'माधवराव नारायण'. तेव्हा सनदेत पेशव्याचे नाव दिसले की त्यापुढचा एक शब्द आधी पाहावा. पुष्कळदा नेमका तोच शब्द वाळवीने खाल्लेला असतो, हे दुर्दैव.

मग कुणी म्हणतो, बाजूला साताऱ्याच्या छत्रपतींचे नाव आहे ना? पेशवे आपल्या शिक्क्यात धन्याचे नाव आधी घालीत, तेव्हा त्यावरून काळ ठरवू. युक्ती चांगली, पण इथेही फसगत आहे. थोरल्या बाजीरावांच्या काळी साताऱ्यास थोरले शाहू महाराज होते. ते १७४९ साली वारले. दुसरे बाजीराव पदावर आले तेव्हाही साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराजच होते, मात्र हे धाकटे शाहू. रामराजांनी दत्तक घेतलेले, १८०८ पर्यंत हयात असलेले. तेव्हा एकाच काळी वरती शाहू आणि खालती बाजीराव, ही जोडी इतिहासात दोनदा जमली आहे! दोन्ही नावे जुळली म्हणून निश्चिंत होणारा माणूस पाऊणशे वर्षांनी चुकू शकतो. तिसरे शाहू कोल्हापूरचे, १८७४ साली कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेले. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली दत्तक आल्यावर शाहू झाले. त्यांच्या हुकुमांना इंग्रजी तारीख असते, म्हणून तिथे गोंधळ कमी होतो. उलट थोरल्या शाहूंचे जन्मनाव शिवाजी, आणि ताराबाईसाहेबांनी १७०० साली गादीवर बसविलेल्या पुत्राचेही नाव शिवाजी. वारणेच्या दक्षिणेकडच्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. तिथल्या कागदात संभाजी छत्रपती आले की ते १६८९ साली बलिदान केलेलेच असे धरू नये. कोल्हापूरच्या गादीवर १७१४ पासून १७६० पर्यंत दुसरे संभाजी महाराज होते.

नावाने उलगडा होत नसेल तर सनाकडे वळावे लागते. पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो, तोही आकड्यांत नसून अरबी शब्दांत लिहिलेला. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. शब्द सुरुवातीला अवघड वाटतात, पण दोनच ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होते. 'अलफ' म्हणजे हजार. 'मया' म्हणजे शंभर आणि 'मयातैन' म्हणजे दोनशे. थोरल्या बाजीरावांची सगळी कारकीर्द 'मया व अलफ' मध्ये येते. त्यांचे अखेरचे वर्ष 'अर्बैन मया व अलफ', म्हणजे ११४०. सनदेत 'मयातैन' हा शब्द दिसला तर ती १७९९ च्या मृगानंतरची, आणि त्यातले बाजीराव निःसंशय दुसरे. फक्त १७९६ ते १७९९ एवढी तीन वर्षे 'मया' मध्ये उरतात, पण त्यांच्यामागे 'तिसैन', म्हणजे नव्वद, हा शब्द असतो. थोरल्यांच्या वेळी तो येऊच शकत नाही.

ताम्रपटावर किंवा देवळाच्या चौकटीवर मात्र बहुधा शालिवाहन शक असतो, आणि तिथे एक विलक्षण खोडा आहे. थोरले बाजीराव रावेरखेडीला वारले ते इ. स. १७४० साली. दुसऱ्या बाजीरावांनी माल्कमच्या स्वाधीन होऊन राज्य सोडले ते इ. स. १८१८ साली, म्हणजे शके १७४० मध्ये! दगडावर नुसते '१७४०' उरले असेल आणि अलीकडची 'शके' ही अक्षरे झिजली असतील, तर एकच आकडा एका बाजीरावांच्या मृत्यूचे वर्षही सांगतो आणि दुसऱ्याच्या राज्याचा शेवटही. अशा वेळी संवत्सराचे नाव, तिथी आणि वार यांचा मेळ पंचांगावरून घातल्याशिवाय निकाल देऊ नये.

एवढी चिरफाड कशासाठी, असे काहींना वाटेल. देवाला जमीन मिळाली, मग कुणाकडून का असेना! पण हा प्रश्न नुसत्या मोठेपणाचा कधीच नव्हता. इंग्रजी अंमल बसल्यावर इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. सनद कोणी दिली, देणाऱ्याला अधिकार होता की नाही, भोगवटा केव्हापासून अखंड आहे, हे सारे कागदांवरून तपासले गेले. ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची इनामे गेली. पुजाऱ्याच्या चुलीपासून पालखीच्या तेलापर्यंत सर्व त्या एका ओळीवर टांगलेले होते. आज सात-बाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' अशी नोंद दिसते, ती त्याच व्यवस्थेतून चालत आलेली आहे.

आणखी एक गोष्ट ग्रामस्थांच्या समाधानासाठी. सत्ता बदलली की जुने इनाम नव्या धन्याकडून करार करून घेण्याची वहिवाट होती. त्यामुळे दुसऱ्या बाजीरावांची सनद निघाली म्हणून देणगी तेव्हाचीच, असे ठरत नाही. मजकुरात 'पूर्वीपासून चालत आहे' अशा अर्थाचे शब्द आहेत की 'नूतन इनाम' म्हटले आहे, ते पाहावे. आणि समजा नूतनच असले, तरी त्यात खाली मान घालण्यासारखे काय आहे? राज्य राखता आले नाही हा दोष त्या पेशव्याच्या माथी आहेच. त्याच्या सनदेवर लागलेल्या नंदादीपाचा उजेड काही त्यामुळे मंद झाला नाही.

देवळाच्या बांधणीबाबतही असेच एक नाव सरसकट वापरले जाते. चुन्याशिवाय रचलेले कुठलेही जुने दगडी देऊळ दिसले की ते 'हेमाडपंती'. हेमाद्रीपंडित हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. अंबरनाथच्या शिवालयातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तो हेमाद्रींच्या दोनशे वर्षे आधीचा. स्मरणिकांतून हा शब्द जपून वापरला जावा.

ज्या गावांच्या पेटीत आज काहीच उरलेले नाही, त्यांनीही निराश होऊ नये. पेशवाईनंतर एलफिन्स्टनच्या वेळी जमा झालेले आणि पुढे इनाम कमिशनकडे आलेले कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. १८९१ पासून त्यांना स्वतंत्र इमारत आहे. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० नंतर त्यांतून निवडलेले पंचेचाळीस भाग छापले, तरी छापलेले ते थोडेच. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली निघालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराघरांतून आलेली दप्तरे आहेत, आणि कोल्हापूरचे पुराभिलेखागार वेगळे. मात्र तिथे जाताना गावाचे नुसते नाव घेऊन जाऊ नये. माणसांप्रमाणे गावेही एका नावाची असतात. १७७९ च्या तहाचे वडगाव मावळातले, पेठ वडगाव कोल्हापूरकडचे, आणि अशी वडगावे महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत. जुन्या कागदात म्हणूनच 'मौजे' च्या पुढे तर्फ, परगणा आणि प्रांत लिहिलेला असे. आपल्या गावाची तर्फ कोणती आणि परगणा कोणता हे जुन्या वतनदारांच्या घरी विचारून, लिहून घेऊन मगच दप्तरखान्याची पायरी चढावी.