तसबिरीमागील पडदा

अंधेरी, बोरिवलीपासून घाटकोपर, मुलुंडपर्यंतच्या उपनगरांतील जुन्या मराठी कुटुंबांत पणजोबांची एखादी तसबीर अद्यापि आढळते. पगडी घातलेले गृहस्थ खुर्चीवर बसलेले, हाताशी तिवईवर पुस्तक, आणि मागे रंगविलेल्या पडद्यावर खांब, जिने व बगीचा. हा बगीचा त्यांच्या मालकीचा नव्हता, हे सांगावयास नकोच. तथापि तो पडदा खोटा ठरवून आम्ही मोकळे होणार नाही. माणूस कोठे राहत होता हे तो सांगत नसला, तरी आपण जगास कसे दिसावे असे त्यास वाटे, हे तो प्रामाणिकपणे सांगतो.

पडदा दुसऱ्याने निवडला म्हणजे मात्र प्रश्न निराळा होतो. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात ही विद्या शिकविली जाऊ लागली. याच संस्थेतील विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील नाना जातिजमातींचा सचित्र ग्रंथ दोन भागांत, १८६३ व १८६६ साली, प्रसिद्ध केला. त्यातील माणसांची छायाचित्रे एकीकडे घेतलेली, तर त्यांच्या मागची दृश्ये दुसरीकडची. दोहोंचा मिलाफ मागाहून कागदावर केलेला. नागर ब्राह्मण स्त्रिया असोत की भाटिये असोत, ज्या भूमीवर ते उभे दिसतात तेथे त्यांचे पाऊल पडले होते असे समजण्यास आधार नाही. चित्राबरोबर माहिती येई ती जातीची; व्यक्ती तिच्याआड लोपून जाई. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने हिंदुस्थानच्या लोकांविषयी आठ खंड निघाले, त्यांचीही दृष्टी हीच.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच शहराने पुढे दाखविले. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतली. हे कामगार बहुतेक दलित समाजातील. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला व पुढे मुलुंडलाही टाकला जाई. तो उचलणारे हात मात्र कोणाच्या नजरेस पडत नसत. ओलवे यांनी त्यांना गटारांत आणि कचऱ्याच्या ढिगांत टिपले, तसेच त्यांच्या घरांतही टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

घाणीत उभा असलेला माणूस जगास दाखविणे ही त्याची अप्रतिष्ठाच नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो क्षुल्लक नाही. परंतु ती घाण त्या माणसाची नव्हे, ती आपण सर्वांनी टाकलेली आहे. स्वच्छ पडद्यापुढे त्यास उभे केले असते, तर दोषमुक्त झालो असतो ते आपण. शिवाय ज्या चित्रमालेत त्याचे घर व त्याची मुलेबाळेही येतात, तीत तो केवळ झाडूचा धनी राहत नाही.

म्हणून कोणतीही तसबीर पाहताना मागची भूमी कोणी निवडली, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांचे चित्र घेताना त्यांना त्यांच्या नित्याच्या जागीच बसू द्यावे, मग ती चूल असो, शिवणयंत्र असो की देवघर. आणि मागे नाव, ठिकाण व साल लिहून ठेवावे.