नांदेडचा बैरागी पंजाबात गेला आणि पावणेदोन वर्षांत त्याने मुघलांचं सरहिंद घेतलं

नांदेडला गेलेला माणूस सचखंड हुजूर साहिबला माथा टेकल्याशिवाय परतत नाही. पण याच शहरात गोदावरीच्या काठावर आणखी एक गुरुद्वारा आहे, बंदा घाट. बरेच जण पाटी वाचतात आणि पुढे निघतात.

शिखांच्या लढायांचा विषय निघाला की आपल्याला सारागढी आठवते, महाराजा रणजितसिंग आठवतात. पण शिखांनी पहिल्यांदा मुलूख जिंकला आणि तिथे स्वतःचा कारभार सुरू केला, तो ज्याच्या नेतृत्वाखाली, तो माणूस याच घाटावरून पंजाबकडे निघाला होता. त्याचं नाव बंदा सिंग बहादूर.

बैरागी ते बंदा

बंदा सिंगचा जन्म १६७० चा, जम्मूकडच्या राजौरीचा. मूळ नाव लछमनदेव. शिकारीत एक गाभण हरिणी मारली गेली आणि त्याचं मन संसारातून उडालं, अशी कथा सांगितली जाते. तो बैरागी झाला, माधोदास हे नाव घेतलं आणि फिरत फिरत गोदाकाठी येऊन मठ बांधून राहिला.

इकडे १७०७ मध्ये औरंगजेब वारला. गादीच्या भांडणात बहादूरशाह जिंकला आणि आपला भाऊ कामबक्ष याचा बंदोबस्त करायला दक्षिणेत उतरला. या प्रवासात दहावे गुरू गुरुगोविंदसिंग त्याच्या सोबत होते. सरहिंदचा मुघल अधिकारी वजीरखान याने काही वर्षांपूर्वी गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना ठार मारलं होतं.

सप्टेंबर १७०८ मध्ये नांदेडला गुरू आणि माधोदास यांची भेट झाली. मी तुमचा बंदा, म्हणजे सेवक, असं तो म्हणाला आणि तेच नाव त्याला चिकटलं, असं शीख परंपरा सांगते. गुरूंनी त्याला पाच बाण, निशाण, नगारा आणि पाच विश्वासू साथीदार दिले. पंजाबातल्या शिखांच्या नावे हुकूमनामे, म्हणजे आज्ञापत्रं दिली. याच काळात एका पठाणाने गुरूंवर वार केला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेडलाच त्यांचं निधन झालं.

पण फौज आली कुठून?

बंदा सिंग पंजाबकडे निघाला तेव्हा त्याच्याकडे ना खजिना होता, ना तोफा. होती ती फक्त आज्ञापत्रं. पण ती गावोगाव पोचली आणि माणसं जमू लागली. त्यात जाट शेतकरी होते, सुतार-लोहार होते, गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींचे लोक होते. सारावसुली आणि जमीनदारांच्या जाचाला कंटाळलेल्या या लोकांना गुरूंच्या मुलांचा हिशोब तर चुकता करायचा होताच, पण स्वतःचाही राग होता.

नोव्हेंबर १७०९ मध्ये त्यांनी समाना हे श्रीमंत शहर घेतलं. मग सढौरा पडलं. आणि १२ मे १७१० रोजी आजच्या मोहालीजवळच्या चप्पडचिडी इथे वजीरखानाशी गाठ पडली.

वजीरखानाकडे तोफा होत्या, हत्ती होते, कवायती सैन्य होतं. तोफांचा मारा सुरू झाला तशी लुटीच्या आशेने आलेली मंडळी पळून गेली. तेव्हा बंदा सिंग स्वतः पुढे आला आणि त्याच्या लोकांनी शत्रूच्या रांगांत घुसून हातघाईची लढाई सुरू केली. माणसं एकमेकांत मिसळली की तोफा काय कामाच्या? वजीरखान मारला गेला, त्याची फौज फुटली आणि दोन दिवसांत सरहिंद शिखांच्या हाती आलं. नांदेड सोडून त्यांना अजून दोन वर्षंही झाली नव्हती.

जमीन कसणाऱ्याची

बंदा सिंगने शिवालिकच्या पायथ्याशी लोहगडला राजधानी केली. बाज सिंगला सरहिंदचा कारभार दिला. नाणी पाडली, ती गुरू नानक आणि गुरुगोविंदसिंग यांच्या नावाची. स्वतःचं नाव त्याने त्यावर घातलं नाही.

सगळ्यात मोठा बदल जमिनीचा होता. जिंकलेल्या मुलखात त्याने जमीनदारांची सत्ता मोडली आणि कसणाऱ्यांना जमिनीचा मालक केलं. पंजाबच्या शेतकऱ्याच्या आठवणीत बंदा सिंग आजही आहे, त्यामागे हे कारण मोठं आहे.

हे धर्मयुद्ध होतं का?

समाना आणि सरहिंद घेताना मोठी कत्तल आणि लूट झाली, हे नाकारता येत नाही. खाफीखानासारख्या मुघल इतिहासकारांनी ते सविस्तर लिहिलंय. त्यांचं लेखन शत्रूच्या बाजूचं आहे, हे लक्षात ठेवूनही हिंसा झाली हे खरंच.

पण हिंदू विरुद्ध मुसलमान असा सरळ हिशोब इथे बसत नाही. लोहगडाला वेढा घालणाऱ्या बादशाही फौजेत राजा छत्रसाल बुंदेला होता, चुडामन जाट होता. हा छत्रसाल म्हणजे पुढे ज्याच्या मदतीला थोरले बाजीराव धावून गेले तोच. दुसरीकडे, १७११ मधल्या मुघल बातमीपत्रांत नोंद आहे की मुसलमानांशी आपलं वैर नाही असं बंदा सिंगने जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार मुसलमान त्याच्या फौजेत दाखल झाले.

शेवट

सरहिंद गेल्याची बातमी कळताच बहादूरशाह स्वतः पंजाबकडे निघाला. डिसेंबर १७१० मध्ये लोहगड पडला. बंदा सिंगसारखा दिसणारा गुलाब सिंग त्याचे कपडे घालून किल्ल्यात थांबला आणि खरा बंदा सिंग रातोरात डोंगरात निसटला. आपल्याला इथे पन्हाळ्याचा शिवा काशीद आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढची काही वर्षं हे असंच चाललं. संधी मिळाली की मैदानात उतरायचं, फौज आली की डोंगरात शिरायचं. शेवटी १७१५ मध्ये लाहोरचा सुभेदार अब्दुस समदखान याने गुरदास नांगल इथे त्याला कोंडलं. वेढा सुमारे आठ महिने चालला. धान्य संपलं तेव्हा आतल्या लोकांनी झाडपाला खाल्ला. डिसेंबरात ते पकडले गेले.

फेब्रुवारी १७१६ च्या अखेरीस साखळदंडात जखडलेल्या शेकडो कैद्यांची दिल्लीत धिंड निघाली. मार्चमध्ये रोज शंभर या हिशोबाने त्यांची मुंडकी उडवायला सुरुवात झाली. ईस्ट इंडिया कंपनीचे वकील तेव्हा दिल्लीतच होते. हे कैदी मरण अत्यंत शांतपणे स्वीकारतात आणि त्यातल्या एकानेही धर्म सोडल्याचं दिसलं नाही, असं त्यांनी पत्रात कळवलं. कंपनीच्या वकिलांना शिखांचं कौतुक करायचं काहीच कारण नव्हतं, म्हणून या पत्राला वजन आहे.

९ जून १७१६ रोजी मेहरौलीत बंदा सिंगसमोर त्याच्या चार वर्षांच्या मुलाला मारण्यात आलं आणि मग हालहाल करून त्यालाही.

मग हाती काय उरलं?

राज्य तर गेलं. पण मुघल फौज हरू शकते हे साध्या शेतकऱ्यांनी एकदा पाहिलं होतं, आणि ते विसरणं शक्य नव्हतं. पुढच्या पिढीतले शीख घोड्यावरच्या छोट्या टोळ्यांमधून लढले. त्यातून मिसली, म्हणजे सरदारांची पथकं उभी राहिली. १७५८ मध्ये सरहिंद पुन्हा पडलं. तेव्हा शिखांच्या सोबत राघोबादादांची मराठी फौज होती. अटकेपार झेंडा नेणारी मोहीम ती हीच. १७६४ मध्ये शिखांनी सरहिंद कायमचं घेतलं आणि १७९९ मध्ये रणजितसिंगांनी लाहोर जिंकलं.

शूर असणं हे शिखांच्या रक्तातच आहे, असं आपण सहज म्हणून जातो. पुढे इंग्रजांनीही सैन्यभरती करताना काही जाती लढाऊ, काही बिनलढाऊ असा हिशोब मांडला. चप्पडचिडीवर लढलेल्यांत मात्र नांगर सोडून आलेली माणसं होती, अवजारं घडवणारी होती, जातीमुळे हिणवलेली होती. ती लढली कारण त्यांच्याकडे लढण्याचं कारण होतं.

पुढच्या वेळी नांदेडला गेलात, तर बंदा घाटावर दहा मिनिटं जास्त थांबा.