क्लाऊडवरील ‘स्पॉट’ यंत्रे : भाडे कमी, मुदतीची हमी नाही

बेंगळुरू : ऐन गर्दीच्या वेळची गरज भागावी म्हणून क्लाऊड सेवा देणाऱ्या कंपन्यांना मोठ्या संख्येने संगणक सज्ज ठेवावे लागतात. गर्दी ओसरली की त्यांतील अनेक रिकामे राहतात. ही शिल्लक क्षमता कमी भाड्याने देण्याच्या पद्धतीला ‘स्पॉट’ म्हणतात. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने ती डिसेंबर २००९ मध्ये सुरू केली. नेहमीच्या दरावर ९० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, असा कंपनीचा दावा आहे. प्रत्यक्ष दर यंत्राचा प्रकार, ठिकाण आणि मागणी यांनुसार ठरतो.

बेंगळुरूत माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक कोल्हापूरपर्यंत कमी भाड्यात माल घेतो, तसाच हा व्यवहार आहे. मात्र येथे मालक अर्ध्या वाटेतच माल उतरवायला सांगू शकतो. क्षमतेची गरज भासताच यंत्र परत घेतले जाते. त्यासाठी ॲमेझॉन दोन मिनिटांची पूर्वसूचना देते. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट अझूर यांच्याकडे हा अवधी जेमतेम ३० सेकंदांचा आहे. ॲमेझॉनकडे पूर्वी बोली लावून यंत्रे मिळत आणि दर बोलीच्या वर गेला की ती जात. २०१७ च्या अखेरीस ही पद्धत बदलल्यानंतर दरांतील चढउतार सौम्य झाले.

त्यामुळे बचत होईल की नाही, हे दरापेक्षा कामाच्या बांधणीवर अवलंबून असते. बेंगळुरूतील ‘झिरोधा’ या दलाली पेढीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शेअर व्यवहारानंतर २४ तासांच्या आत ग्राहकाला काँट्रॅक्ट नोट पाठवणे दलालावर बंधनकारक आहे. पेढीच्या जुन्या प्रणालीला या कामासाठी सात-आठ तास लागत. २०२४ मध्ये पेढीने दिलेल्या माहितीनुसार, १५ लाखांहून अधिक पीडीएफ तयार करणे, त्यांवर डिजिटल स्वाक्षरी करणे आणि ईमेलने पाठवणे हे सारे सुमारे २५ मिनिटांत होऊ लागले. क्लाऊडवर तेवढ्यापुरती अनेक यंत्रे उभी केली जातात आणि काम संपताच ती मोडली जातात. कामाचे तुकडे रांगेत असतात. प्रत्येक यंत्र आपला तुकडा उचलते आणि तयार फाइल सामायिक साठ्यात ठेवते.

यंत्रे पूर्ण दराची असोत वा सवलतीची, स्पॉटला लागते ती हीच रचना. एखादे यंत्र मध्येच गेले तर तुकडा रांगेत परत टाकता येतो आणि थोडेच काम पुन्हा करावे लागते. हेच काम एका अखंड प्रक्रियेत बांधलेले असेल, तर पाचव्या तासाला आलेली दोन मिनिटांची सूचना निरुपयोगी ठरते. दीर्घ गणनांमध्ये म्हणूनच ठरावीक अंतराने मधली स्थिती साठवून ठेवतात. मागणी एकाच प्रकारच्या यंत्राची न ठेवता चार-पाच प्रकारांची ठेवणेही हिताचे असते, कारण सर्व प्रकार एकाच वेळी संपण्याची शक्यता कमी असते.

मुख्य डेटाबेस किंवा पैसे चुकते करणारी सेवा मात्र स्पॉटवर ठेवू नये. दर कमी दिसला म्हणून परदेशातील केंद्राकडे वळण्यासही मर्यादा आहेत : रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या निर्देशानुसार देयक व्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा लागतो. ॲमेझॉनची देशातील प्रमुख केंद्रे मुंबई (२०१६) आणि हैदराबाद (२०२२) येथे आहेत.