लघु-लघु-गुरू-गुरू

सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळा उशिरा येतो. जुलैत धुक्यात कुडकुडणारं हे गाव ऑक्टोबरात कुठे जरा उबदार होतं, आणि तुम्ही उतरता ती संध्याकाळ तशीच आहे. साल १९८८. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडची ही वस्ती, गोदामांची आणि मोटारींच्या गॅरेजांची. सातव्या रस्त्यावर २८० क्रमांकाचं दार उघडं आहे. आतून स्टील गिटारचा सूर मींड घेतल्यासारखा लांबत लांबत फुटपाथवर येतो. जागेचं नाव 'रॉहाइड टू'.

आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायच्या आधी वास येतो: बिअर, चामडं, सिगारेटचा धूर. मग रुंद कडांच्या टोप्या दिसतात, पट्ट्यांची बशीएवढी बक्कलं दिसतात. माणसं बहुतेक पुरुष. एका बाजूला चारपाच बायका, त्यांच्याही पायांत टोकदार बूट. मधोमध लाकडी जमीन, घासून घासून गुळगुळीत झालेली. गाणी थांबतात, कारण आता वर्ग भरणार आहे.

शिकवणारा माइक घेतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "लीड कोण करणार? हात वर. फॉलो कोण करणार? हात वर."

हा प्रश्न नीट ऐका. अमेरिकेतल्या इतर काउबॉय नाचघरांत आज रात्री शिकवणारे म्हणत असतील, पुरुषांनी डावा पाय, बायकांनी उजवा. तिथे पहिल्याच वाक्यात कोणी कोणाला धरायचं हे ठरून जातं. इथे ते वाक्य चालत नाही, म्हणून शिकवण्याची भाषाच मुळापासून घडवावी लागली. नेणारा आणि सोबत जाणारा, एवढ्या दोनच भूमिका, आणि त्या कोणीही घ्याव्यात. ऐकायला हे सोपं वाटतं. पण हॉलभर क्षणभर चुळबुळ होते, कारण आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी हे ठरवायचं त्यांच्यावर सोडलं आहे.

तुम्हाला काहीच येत नाही, म्हणून तुम्ही फॉलोच्या बाजूला उभे राहता.

टू-स्टेपचा बोल चार शब्दांचा आहे: क्विक, क्विक, स्लो, स्लो. तुमच्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटेल. लघु-लघु-गुरू-गुरू. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, मिळून सहा. गाणं मात्र चार-चार मात्रांनी चाललेलं असतं. म्हणजे पावलांचं आवर्तन आणि गाण्याचं आवर्तन यांची सम दर बारा मात्रांनी जुळते, आणि मधल्या वेळात पाऊल गाण्यावर तरंगत राहतं. नवशिक्याला वाटतं आपण चुकलो. चुकलेलं नसतं, समेला अजून अवकाश असतो.

नेणारा डाव्या पायाने पुढे निघतो, फॉलो उजव्या पायाने मागे. त्याचा उजवा तळवा तुमच्या डाव्या खवाट्यावर, तुमचा डावा हात त्याच्या दंडावर, दुसरे दोन हात खांद्याच्या उंचीवर एकमेकांत. ह्या चौकटीला ते फ्रेम म्हणतात. जोड्या सगळ्या हॉलभर एकाच दिशेने फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या उलट, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध. वेगवान जोड्या बाहेरच्या कडेने, सावकाश चालणाऱ्या आतून. थांबायचं मात्र नाही. चुकलात तर चालत राहा, आत सरका, पण मागून येणाऱ्याच्या वाटेत उभे राहू नका.

तुमच्या पायांत रबरी तळाचे बूट आहेत. ते जमिनीला चिकटतात, गिरकी घेताना गुडघा एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे जातं. "पुढच्या वेळी चामड्याचा तळ," शिकवणारा जाता जाता सांगतो. आणखी एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगतो. आज माणसं विषम आहेत. दर दोन मिनिटांनी जोडीदार बदलतील, तेव्हा फेरीत कोणाच्या तरी वाट्याला रिकामी जागा येईल. त्याने हात खाली सोडायचे नाहीत. समोर माणूस आहे असं धरून, फ्रेम तशीच ठेवून नाचायचं.

गाणं लागतं आणि तुम्ही मागे पाऊल टाकता. फॉलो करणारा उलटा चालतो, आपण कुठे जातोय हे त्याला दिसत नाही. तुमचं दुसरं पाऊल १९६५ मध्ये पडतं.

तुमचा पहिला जोडीदार पन्नाशीचा आहे आणि हे त्याचं साल आहे. १ जानेवारीची रात्र, पोक स्ट्रीटवरचा कॅलिफोर्निया हॉल. काही पाद्री आणि समलिंगी कार्यकर्ते यांनी मिळून एक परिषद काढली होती, तिच्या मदतीसाठी हा नाच ठेवलेला. बाहेर पोलिसांनी झगझगीत दिवे लावलेत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढला जातोय. तो फोटो नोकरी घालवू शकतो, घर घालवू शकतो. पोलिसांना दारात अडवणारे वकीलच पकडले जातात. हा त्या रात्री पंचविशीचा होता. भाड्याचा सूट घालून आत गेला आणि नाचला, पण मान सारखी दाराकडे. "ती सवय अजून जात नाही," तो म्हणतो. खरंच, अजूनही गिरकी घेताना त्याचे डोळे एकदा दाराला शिवून येतात.

"रोटेट!" शिकवणारा ओरडतो. पुढचा जोडीदार, पुढचा हात.

ह्याचा तळवा राठ आहे. ओक्लाहोमातला. नऊ वर्षांचा असताना मावशीच्या पावलांवर पावलं ठेवून टू-स्टेप शिकला, धान्याच्या कोठारात, शनिवारी रात्री. सतराव्या वर्षी घर सुटलं. तुम्ही मागे पाऊल टाकता ते रीनोला पोहोचतं, २ ऑक्टोबर १९७६. फिल रॅग्सडेल नावाच्या माणसाने तिथे पहिला गे रोडिओ भरवला. त्याला जनावरं भाड्याने द्यायला एकही पशुपालक तयार होईना. अखेर पाच गाई, दहा वासरं, एक डुक्कर आणि एक शेटलंड तट्टू मिळालं, आणि सव्वाशे माणसं जमली. "मी त्या सव्वाशेतला," तो सांगतो.

ह्या माणसापाशी जरा थांबावंसं मला वाटतं. १९८० साली 'अर्बन काउबॉय' सिनेमा आला आणि शहरांतल्या लोकांनी हौसेने बूट-टोप्या घेतल्या, इथेही घेतल्या. पण ह्या जमिनीवर असेही पुष्कळ आहेत ज्यांना ती टोपी विकत घ्यावी लागली नाही. टेक्सस, ओक्लाहोमा, नेब्रास्का इथल्या गावांतून ते निघाले, कारण तिथे राहणं शक्य नव्हतं. जाताना घर सुटलं आणि घरातलं गाणंही सुटलं. ते गाणं म्हणजे चर्चला जाणाऱ्यांचं, वडिलांच्या ट्रकमधल्या रेडिओचं, ज्यांनी घालवून दिलं त्यांचं. इथल्या वर्गाने त्यांना ते परत दिलं. ज्या गाण्यावर आईवडील नाचले त्याच गाण्यावर हा आपल्या आवडत्या पुरुषाबरोबर नाचतो, आणि पावलं तीच, मावशीने शिकवलेली.

बाहेरचं जग मात्र बदललेलं नाही. ह्याच महिन्यात नेवाडातल्या फॅलन गावी गे रोडिओची वर्षअखेरची स्पर्धा व्हायची होती, ती न्यायालयाच्या हुकुमाने बंद पाडली गेली. ओक्लाहोमावाला ते एका वाक्यात सांगतो आणि लगेच पावलं मोजायला लागतो.

गाण्याच्या मध्येच कोणाच्या तरी खिशातून टिंटिं वाजतं. मग दुसऱ्या खिशातून. दोनतीन जण जोडीदाराची क्षमा मागून कडेला जातात, चिमुकली डबी उघडतात, पाण्याबरोबर गोळी घेतात आणि परत येतात. हे एझेडटी. अमेरिकेत १९८७ च्या मार्चमध्ये मंजुरी मिळालेलं एड्सवरचं पहिलं औषध, दर चार तासांनी घ्यायचं, रात्रीही. ह्या हॉलमध्ये कोणी त्या आवाजाकडे वळून पाहत नाही. शिकवणारा फक्त म्हणतो, "फॉलो दोन कमी आहेत, फ्रेम धरून ठेवा," आणि बोल चालू ठेवतो.

"रोटेट!"

हा तरुण आहे, तिशीचाही नसेल. शर्टाच्या कॉलरपाशी मानेवर जांभळा डाग आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. तुम्ही २०२० च्या पलीकडून आला आहात, त्या डागाचं नाव तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. त्याचा हात पुढे आलेला आहे, आणि तो किंचित थांबलाय. तुम्ही धरता की नाही हे पाहायला.

१९८७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका इस्पितळात युवराज्ञी डायानाने हातमोजे न घालता एड्सच्या रुग्णाशी हस्तांदोलन केलं, ती जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. हात धरणं ही बातमी होण्याचा हा काळ आहे. आणि इथल्या वर्गाची पहिली पायरीच ती: अनोळखी माणसाचा हात धरा, दुसरा तळवा त्याच्या पाठीवर ठेवा. दर दोन मिनिटांनी, सगळ्यांनी, सगळ्यांचा. ह्या वर्गांनी काय केलं असं मला कोणी विचारलं तर मी बाकी सगळं सोडून हेच सांगेन. जे अंग आठवडाभर फक्त सुईसाठी आणि तपासणीसाठी पुढे केलं, त्या अंगाला इथे कोणीतरी नाचासाठी धरत होतं.

तुम्ही हात धरता. तो सुटकेचा श्वास सोडतो, हसतो.

"पाय बघू नकोस, माझ्याकडे बघ," तो म्हणतो. मग विचारतो, "तुझ्याकडे पुरुष पुरुषांबरोबर नाचतात?"

तुम्हाला वारी आठवते. वाखरीच्या वाटेवर पांढऱ्या धोतरातले दोन म्हातारे हात गुंफून फुगडी घालताना, टाळांच्या कल्लोळात, टोप्या सावरत. लेझमाची पथकं आठवतात. "नाचतात," तुम्ही म्हणता. "देवाच्या वाटेवर नाचतात." त्याला ते फार आवडतं. पुढचं अर्धं गाणं तो त्या म्हाताऱ्यांबद्दलच विचारत राहतो. त्यांच्या गावचे लोक त्यांना काय म्हणतात? तुम्ही सांगता, माउली म्हणतात.

तेवढ्यात शिकवणारा हात वर करतो. "आता उलटं. ज्याने फॉलो केलं त्याने लीड. जोडीदार तोच."

हे तुम्हाला अनपेक्षित आहे, पण इथली खरी शिकवण ह्या अर्ध्या तासात आहे. मागे चालताना आपण कसे आंधळे होतो हे कळलेला माणूसच दुसऱ्याला नीट नेतो. गिरकी देताना हात किती उंच धरला म्हणजे समोरच्याची टोपी पडत नाही, हे ज्याची टोपी नुकतीच पडली त्याला सांगावं लागत नाही. तुमचा तळवा आता त्याच्या खवाट्यावर आहे. शर्टाखाली हाड लागतं, फारच लागतं.

"माझ्या खांद्यावरून पलीकडे बघ," तो सांगतो. "मला दिसत नाही. मला कुठे न्यायचं ते तू बघायचं."

डावा पाय. पुढे. लघु, लघु, गुरू, गुरू.

त्याच्या खांद्यावरून तुम्हाला पुढचं दिसतं. ध्वनिवर्धकावर के. डी. लँगचा आवाज आहे. १९९२ मध्ये ती आपण लेस्बियन असल्याचं उघड सांगणार आहे, आणि इथल्या बायका ते आधीच ठाऊक असल्यासारख्या तिच्या गाण्यावर नाचताहेत. त्यापलीकडे १९९६ दिसतं, एकत्र घ्यायच्या औषधांचं साल, माणसं खाटेवरून उठून कामावर जायला लागली ते साल. आठ वर्षं. तुम्ही मनात वजाबाकी करता, तळव्याखालचं हाड तुम्हाला उत्तर देतं. हे त्याला सांगता येत नाही. नेणाऱ्याला बोलून काही करता येत नाही, फक्त तळव्याने. म्हणून तुम्ही त्याला कोपऱ्यावर सावकाश वळवता, बाहेरून भरधाव येणाऱ्या जोडीपासून वाचवता, गिरकीला हात उंच धरता. तो डोळे मिटून घेतो. उलटं चालताना, न दिसणाऱ्या वाटेवर, डोळे मिटून.

पुढचं पाऊल १९९८ मध्ये पडतं. १३ ऑगस्टचा 'बे एरिया रिपोर्टर' येतो, आणि साथ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या साप्ताहिकात एकही मृत्युलेख नाही. त्याच सुमाराला, दशकाच्या अखेरीस, रॉहाइडचं दार बंद होतं. नाचणारे दुसरी जागा शोधतात, आपली संस्था काढतात, नाव 'सनडान्स'. हे सगळं तुम्ही चार पावलांत ओलांडता. कधीतरी मध्येच तळव्याखालचं वजन गेलेलं असतं, पण नेमकं कोणत्या पावलाला हे तुम्हाला सांगता येत नाही.

बार्नेव्हेल्ड अॅव्हेन्यूवरचा सनडान्सचा हॉल मोठा आहे आणि उजेड जास्त. सिगारेटचा वास नाही. तुमच्या पायांत आता चामडी तळाचे बूट आहेत. शिकवायला एक बाई उभी आहे, माइक कानाला लावलेला. लीड कोण, फॉलो कोण, ती विचारते. हात वर होतात, काही जण दोन्ही वेळा वर करतात आणि ती हसून मान डोलावते. माणसं मोजते. विषम.

दोन फेऱ्यांनंतर रिकामी जागा तुमच्या वाट्याला येते. उजवीकडचे नाचताहेत, डावीकडचे नाचताहेत. तुम्ही हात वर घेता, तळवा हवेत, खांद्याच्या उंचीवर. उंची तुम्हाला बरोबर आठवते. शिकवणारी बोल सुरू करते, तुम्ही डाव्या पायाने निघता, कोपऱ्यावर सावकाश वळता, आणि गिरकीला हात थोडा अधिकच उंच धरता.

"रोटेट," ती म्हणते.