एकट्याची पहिली बोट

समजा, तुम्हाला शिडाची बोट घ्यायची आहे. अनुभव बेताचाच. मित्रमंडळी रविवारी दुपारपर्यंत झोपा काढणार, म्हणजे बहुतेक वेळा बोटीवर तुम्ही एकटेच. तर मग कुठली बोट घ्याल?

आपली सवय कशी, लॅपटॉप घ्यायचा असो की मोटरसायकल, आधी एक्सेल शीट उघडायची. लांबी, वेग, किंमत, जागा, फीचर्स. ज्या मॉडेलला जास्त गुण ते घ्यायचं. बोटीच्या बाबतीत मात्र हा हिशेब काही लोकांच्या जिवावर बेतला आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत एकेकटे समुद्रात गेलेल्या लोकांनी बोटी कशा निवडल्या आणि पुढे त्यांचं काय झालं हे वाचत गेलं की एक गंमत लक्षात येते. जे सुखरूप परत आले त्यातल्या बऱ्याच जणांकडे "सर्वोत्तम" बोट नव्हतीच. त्यांच्याकडे होती ती त्यांच्या दोन हातांना झेपणारी, आणि नखशिखान्त माहीत असलेली बोट.

सुरुवात अर्थातच जोशुआ स्लोकमपासून. हा गडी नवशिका अजिबात नव्हता, मोठ्या शिडाच्या जहाजांवर कप्तान होता. पण वाफेच्या जहाजांनी त्याचा धंदा बसवला. १८९२ मध्ये एका ओळखीच्या माणसाने त्याला एक जहाज देऊ केलं, "थोडी डागडुजी लागेल" एवढंच सांगून. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला जाऊन बघतो तर काय, शेतात टेकू लावून उभी केलेली, कालवं पकडायची एक जुनाट बोट! नाव 'स्प्रे'. स्लोकमने १३ महिने खपून ती स्वतःच्या हाताने नव्याने बांधली. साहित्याचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. लांबी ३७ फुटांना थोडी कमी. १८९५ ते १८९८ या काळात त्याने या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस.

स्प्रे वेगवान नव्हती. तिच्यात एक गुण मात्र लाखमोलाचा होता. शिडं नीट लावून सुकाणू बांधून ठेवलं की ती आपली आपण सरळ चालत राहायची. हिंदी महासागरात कीलिंग बेटांपर्यंतच्या २७०० मैलांच्या टप्प्याला २३ दिवस लागले, आणि त्यात आपण सुकाणूवर सगळे मिळून तीन तासांपेक्षा जास्त उभे राहिलो नाही, असं स्लोकमने लिहून ठेवलं आहे. एकट्या माणसासाठी ही चैन नाही, गरज आहे. जेवायचं कधी? झोपायचं कधी? फाटलेलं शीड शिवायचं कधी? बोट स्वतःला सांभाळेल तेव्हाच ना!

पण स्लोकम पडला पट्टीचा खलाशी. आपल्यासारख्या शिकाऊ लोकांसाठी खरा धडा आहे तो अ‍ॅन डेव्हिसनचा.

अ‍ॅन आणि तिचा नवरा फ्रँक या इंग्रज जोडप्याने जगप्रवासाचं स्वप्न बघून एक जुनी बोट घेतली, 'रिलायन्स'. लांबी ७० फूट. स्वप्न मोठं तर बोटही मोठी, असा साधा हिशेब. दुरुस्तीतच पैसे संपले, देणेकरी मागे लागले, आणि १९४९ मध्ये बोट जप्त व्हायच्या आत दोघं धड तयारी नसताना तशीच निघाली. वादळांनी झोडपून काढलं. शेवटी पोर्टलंड बिलच्या खडकांवर बोट फुटली. फ्रँक गेला. अ‍ॅन कशीबशी किनाऱ्याला लागली.

दुसरं कोणी असतं तर समुद्राचं तोंड पाहिलं नसतं. अ‍ॅनने रीतसर शीड चालवायचं शिक्षण घेतलं आणि स्वतःसाठी दुसरी बोट निवडली. 'फेलिसिटी अ‍ॅन', लांबी २३ फूट! १८ मे १९५२ ला ती प्लिमथहून निघाली आणि १९५३ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटावर पोचली. अटलांटिक एकटीने पार करणारी पहिली बाई. वाटेत ती चुकली, थकली, घाबरली. हे सगळं तिने मोकळेपणाने लिहिलंय. पण तिची चूक बोटीने पोटात घातली.

आता थोडं गणित (इंजिनिअरच्या ब्लॉगवर एवढं चालतं!). ७० आणि २३ फूट, म्हणजे लांबी तिप्पट. पण बोटीचा आकार तसाच ठेवून लांबी तिप्पट केली तर शिडाचं क्षेत्रफळ ९ पट होतं आणि वजन २७ पट. तुमचे हात मात्र दोनच राहतात. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. सकाळी जे शीड गुणी बाळासारखं वागत होतं तेच दुपारी तुम्हाला डोलकाठीभोवती फरफटवतं. धक्क्याला लागताना तर आणखी मजा. छोटी बोट पायाने किंवा हाताने ढकलून थांबवता येते. मोठी बोट तुमचा पाय मोडते आणि थांबत नाही ती नाहीच.

छोट्या बोटींची ही परंपरा पुढे नेली 'फोकबोट'ने. १९४० च्या दशकात स्कँडिनेव्हियात सामान्य माणसाला परवडावी म्हणून काढलेलं हे साधारण २५ फुटी डिझाइन. ब्लाँडी हॅसलर या निवृत्त इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याने अशा एका बोटीवर चिनी पद्धतीचं एकच शीड चढवलं. फायदा असा की शीड कमी-जास्त करायला डेकवर जायलाच नको, आतूनच दोरी ओढायची. शिवाय वाऱ्याची दिशा पकडून बोट आपोआप वळवणारं, विजेशिवाय चालणारं यंत्र बसवलं. बोटीचं नाव 'जेस्टर', म्हणजे विदूषक. १९६० च्या पहिल्या एकट्याच्या अटलांटिक शर्यतीत ही विदूषकीण ४८ दिवसांत पार होऊन दुसरी आली. पहिला आला फ्रान्सिस चिचेस्टर, ३९ फुटी बोटीतून, ४० दिवसांत. म्हणजे १४ फूट जास्त लांबीने वाचवले ते आठ दिवस.

आता मुख्य गोष्ट, आणि तिची सुरुवात चक्क मुंबईत होते.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा विशीतला इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. त्याने आणि सहकाऱ्यांनी मुंबईत बोट बांधून घ्यायचं ठरवलं. इंग्लंडहून नकाशे मागवले, तर हाती आले ते भलत्याच, जुन्या धाटणीच्या बोटीचे. वेळ कमी म्हणून त्यावरच काम सुरू केलं. १९६३-६४ मध्ये मुंबईच्या सुतारांनी सागवानात ३२ फुटी बोट उभी केली. हत्यारं म्हणाल तर वाकस, आणि धनुष्यासारखी दोरी ओढून भोकं पाडायचं साधन. याच मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये वाडिया कुटुंबाने बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय, तेव्हा लाकडाची आणि हातांची हमी होतीच. बोटीचं नाव ठेवलं 'सुहेली', आखातातल्या आग्नेय वाऱ्याचं अरबी खलाशांनी दिलेलं नाव. (सुहैल म्हणजे अरबीत आपला अगस्तीचा तारा.) ही बोट तो आफ्रिकेला वळसा घालून १९६७ मध्ये लंडनला घेऊन गेला.

१९६८ मध्ये 'संडे टाइम्स'ने गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. नॉक्स-जॉन्स्टनलाही सुहेली नकोच होती! त्याच्या डोक्यात होती ५३ फुटी पोलादी बोट. पैसे देणारं कोणी भेटेना, म्हणून नाइलाजाने जुनीच घेऊन तो १४ जूनला फालमथहून निघाला.

त्याच वेळी डोनाल्ड क्राउहर्स्ट हा दुसरा इंग्रजही बोट शोधत होता. हा आपल्या जातकुळीचा माणूस: इलेक्ट्रॉनिक्सवाला, स्वतःची छोटी कंपनी, शनिवार-रविवारचा खलाशी. त्याला चिचेस्टरची गाजलेली 'जिप्सी मॉथ ४' हवी होती, ती मिळाली नाही. मग त्याने ४० फुटी ट्रायमरान, म्हणजे तीन सांगाड्यांची बोट बांधायला टाकली. कागदावर ही सगळ्यात वेगवान. अडचण एकच, उलटली की स्वतःहून सरळ होत नाही. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: डोलकाठीच्या टोकाला हवेची पिशवी, आणि बोट कलंडतेय हे ओळखून ती फुगवणारा कॉम्प्युटर. १९६८ मध्ये! कर्जाच्या करारात कंपनी आणि घर दोन्ही अडकलेलं, आणि निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. सप्टेंबरच्या अखेरीस बोट पाण्यात उतरली. टेनमथ बंदरापर्यंत आणायला तीन दिवस धरले होते, लागले तेरा. शेवटच्या दिवशी तो निघाला तेव्हा बोटभर वायरी टाकलेल्या होत्या, पण त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. कॉम्प्युटर तयारच झाला नव्हता.

डेडलाइनला अर्धवट सॉफ्टवेअर सोडून देणं आपल्याला परिचयाचं आहे. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पॅच येतो. दक्षिण महासागरात पॅच येत नाही.

हे क्राउहर्स्टलाही लवकरच कळलं. पुढे गेलं तर मरण, मागे फिरलं तर दिवाळं. म्हणून तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. तो मागून येतोय या समजुतीने नायजेल टेटलीने आपली ट्रायमरान अखेरच्या टप्प्यात जोरात हाकली. २१ मे १९६९ ला ती फुटून बुडाली, टेटली वाचला. १० जुलैला क्राउहर्स्टची बोट एका जहाजाला तरंगताना सापडली. आत लॉगबुकं होती, माणूस नव्हता.

आणि सुहेली? तिचं आपोआप वळवणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचं मोडलं. रेडिओ बंद पडला. पिण्याचं पाणी खराब झालं. तळाच्या फळ्यांतून पाणी आत येऊ लागलं, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात बुडी मारून खालून चिंध्या आणि तांब्याची पट्टी ठोकली. यंत्र मोडल्यावर शिडांचा तोल साधून बोट सरळ कशी चालवायची हे त्याला मुंबई ते लंडन प्रवासामुळे चांगलंच माहीत होतं. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी तो परत आला. नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारा हा एकटा. बक्षिसाचे ५००० पौंड त्याने क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

पैसे नव्हते म्हणून नव्या पोलादी बोटीऐवजी जुन्या ओळखीच्या बोटीत बसलेला माणूस परत आला. पैसे मिळाले म्हणून नव्या कोऱ्या अनोळखी बोटीत बसलेला आला नाही. फक्त योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही.

न्याय म्हणून उलट बाजूचं उदाहरणही सांगतो. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलातले कमांडर दिलीप दोंदे, २००९-१० मध्ये गेले ते 'म्हादई'तून. ती ५६ फुटी! म्हणजे लांबीचा नियम मोडला? थोडासा. पण ही बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली जात असताना दोंदे तिथेच होते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींच्या या स्वप्नात बोट बांधून घेणं हाही दोंदेंच्याच कामाचा भाग होता. कुठली नळी कुठून जाते हे ज्याने स्वतः बघितलंय, त्याला मध्यरात्री टॉर्च तोंडात धरून ती शोधायला त्रास पडत नाही. शिवाय मागे नौदल उभं होतं. तुमच्या-माझ्यामागे गृहकर्ज असतं.

तर मंडळी, या सगळ्यातून नवशिक्यासाठी काय निघतं?

१. आधी शिका, मग घ्या. पहिली बोट शक्यतो क्लबची असावी. १९७० च्या दशकात आलेली 'लेझर' ही एकट्याची छोटी बोट याला उत्तम. एकच शीड, सात चौरस मीटरचं. चुकलात की लगेच पाण्यात, म्हणजे फीडबॅक ताबडतोब!

२. स्वतःची घ्याल तेव्हा २० ते २६ फूट पुरे. १९८५ मध्ये १८ वर्षांची तानिया एबी न्यूयॉर्कहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली ती २६ फुटी 'कॉन्टेसा'तून, म्हणजे फोकबोटच्याच वंशातल्या बोटीतून. १९८७ मध्ये परत आली, तीही बोटीसकट. तुम्हाला तर मांडव्यापर्यंतच जायचंय.

३. घेण्याआधी चालवून बघा. सुकाणू बांधून ठेवून पाच मिनिटं हात बांधून बसा. बोट सरळ जाते का? की लगेच तोंड फिरवते?

४. शीड लहान करणं बसल्या जागेवरून जमतं का बघा. जोराच्या वाऱ्यात डेकवर पुढे जावं लागणं म्हणजे एकट्यासाठी सगळ्यात धोक्याची वेळ. पडलात तर वळून यायला बोटीवर कोणी नाही.

५. नांगर एकट्याने ओढता आला पाहिजे. दुकानात नाही, दमल्यावर. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, तेव्हा ओढ काय असते ते तिथल्या कोळ्यांना विचारा.

६. अर्धे पैसे बोटीला, उरलेले दोर, शिडं, लाइफजॅकेट आणि दुरुस्तीला. डेव्हिसन जोडप्याचं घोडं इथेच अडलं होतं.

आणि सातवं म्हणजे, विकत घेतल्यावर वर्षभर तिला दुसरी शोधू नका. तिच्या तळापासून टोकापर्यंत सगळं एकदा तरी स्वतः उघडून, घासून, पुन्हा जोडून बघा. सुहेली चांगली बोट होतीच, पण तिच्यात बसलेल्या माणसाला ती कुठे करकरते, कुठे गळते आणि किती सोसते हे पाठ होतं. एक्सेल शीटमध्ये त्यासाठी रकाना नाही.