लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि मधुमेहींचे जीवनमान

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया (बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया) म्हणजे जठराचा आकार किंवा अन्नाचा मार्ग बदलून वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होय. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांमध्ये तिच्यामुळे रक्तशर्कराही नियंत्रणात येत असल्याने तिला चयापचयी शस्त्रक्रिया असेही म्हणतात. तिचे यश केवळ घटलेल्या वजनावरून ठरत नाही. रुग्णाची हालचाल, उत्साह, वेदना, मानसिक स्वास्थ्य आणि सामाजिक वावर, म्हणजेच त्याचे जीवनमान, यांवरूनही ते मोजले जाते.

प्रकार

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा मोठा भाग काढून त्याला नळीसारखा आकार देतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहान पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दोन्हींमुळे आतड्यांतील संप्रेरकांचे स्रवण बदलते. त्यामुळे पुरेसे वजन घटण्यापूर्वीच रक्तशर्करा उतरू लागते.

भारतीय शरीरयष्टी आणि निकष

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. दिसायला सडपातळ असूनही भारतीयांना मधुमेहाचा धोका अधिक का, हे त्यातून स्पष्ट झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, औषधांनी मधुमेह आटोक्यात येत नसल्यास बीएमआय ३० पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आशियाई व्यक्तींसाठी ही मर्यादा २७.५ आहे.

भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत मात्र बीएमआय किमान ४०, किंवा अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर सहविकार असल्यास किमान ३५ असावा लागतो. परिणामी, वैद्यकीयदृष्ट्या पात्र असलेल्या अनेक रुग्णांना खर्च स्वतःच करावा लागू शकतो.

परिणाम

मधुमेह ‘बरा झाला’ असे न म्हणता त्याचा ‘उपशम’ झाला असे म्हणतात, कारण तो परतू शकतो. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर २ वर्षांनी सुमारे ७२ टक्के रुग्णांत उपशम आढळला. १५ वर्षांनी हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. शस्त्रक्रिया न केलेल्या गटात ते अनुक्रमे सुमारे १६ व ६.५ टक्के होते. मधुमेह जुना असल्यास किंवा इन्सुलिन सुरू असल्यास उपशमाची शक्यता कमी असते.

जीवनमानातील सर्वांत ठळक सुधारणा शारीरिक बाजूची असते. चालणे, जिने चढणे, मांडी घालून बसणे सोपे होते. गोळ्या आणि इन्सुलिन कमी होतात. मानसिक बाजूची सुधारणा इतकी निश्चित नसते. सैल पडलेली त्वचा, पुन्हा वाढणारे वजन आणि चारचौघांत जेवताना येणारा संकोच यांमुळे काहींना नैराश्य येते.

आहार आणि पाठपुरावा

शस्त्रक्रियेनंतर थोडे, सावकाश आणि प्रथिनयुक्त अन्न घ्यावे लागते. मावळासारख्या भातपट्ट्यात याचा अर्थ इंद्रायणी भाताचा वाटा कमी करून आधी डाळ, उसळ, दही किंवा अंडी खाणे असा होतो. लोणावळ्याच्या चिक्कीसारखे गोड पदार्थ खाल्ल्यास, विशेषतः बायपासनंतर, अन्न आतड्यात वेगाने उतरून धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. यास डंपिंग सिंड्रोम म्हणतात.

लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व बी-१२ आणि ड यांच्या पूरक मात्रा आयुष्यभर घ्याव्या लागतात. शाकाहारी व्यक्तींत बी-१२ची कमतरता अधिक संभवते. मधुमेहाच्या औषधांची मात्रा वेळीच कमी न केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरू शकते. उपशम झाला तरी डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांची नियमित तपासणी आवश्यक असते. त्यामुळे शस्त्रक्रिया हा उपचाराचा शेवट नसून आयुष्यभराच्या पाठपुराव्याचा आरंभ मानला जातो.