कात्रीने आणलेला हिवाळा

फेब्रुवारी उजाडला की कोल्हापुरात द्राक्षांच्या हातगाड्या दिसू लागतात. ही द्राक्षे तासगाव, पलूस, मिरज भागातली. मग ती कोल्हापुरात का पिकत नाहीत, असे एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले. आम्ही पावसाकडे बोट दाखवले. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि तासगावकडे पाच-सहाशे. दमट हवेत वेलीवर केवडा रोग पडतो. उत्तर चुकीचे नव्हते. पण घरी परतताना वाटले, प्रश्न उलटा विचारायला हवा होता. तासगावात तरी द्राक्षे का यावीत?

कारण द्राक्षवेल मूळची थंडीची. हिवाळ्यात तिची पाने गळतात, डोळे झोपी जातात. पुरेशी थंडी मिळाली की वसंतात सगळे एकदम फुटतात. जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे किंवा फ्रान्सचा शँपेन प्रांत घ्या. वाढीच्या हंगामात तेथील सरासरी तापमान पूर्वापार १३ ते १५ अंश सेल्सियसच्या घरात राहिले. इतक्या थोड्या उबेत पिकणाऱ्या जाती मोजक्याच. रीस्लिंग त्यातली एक. तिचे लाकूड कडक थंडी सोसते, आणि डोळे उशिरा फुटत असल्याने वसंतातल्या हिमातून ती बरेचदा वाचते. थंड हवेत फळातले मॅलिक आम्ल श्वसनात फारसे खर्च होत नाही, म्हणून तिथल्या वाइनला तरतरीत आंबटपणा येतो. साखर मात्र कमी पडते. शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८०१ साली अशा रसात साखर मिसळण्याची शिफारस केली, ती त्यामुळेच. (शिक्षकांच्या मासिकात वाइन कशाला, असे कोणी म्हणेल, पण किण्वन आपण वर्गात शिकवतोच की.)

आता दख्खनकडे येऊ. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवल्यानंतर काही वर्षांनी इब्न बतूता तिथे आला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने केली आहे. आम्हाला ही नोंद फार मोलाची वाटते. वेलीला दोन बहार येतात, कारण तिला झोपवणारा हिवाळाच इथे नाही. ती सदाहरित होते, टोकाचेच डोळे फुटत राहतात. शिवाय दोन बहारांतला एक पावसात सापडला तर घड कुजतात.

यावर दख्खनच्या बागाईतदारांनी काढलेला तोड म्हणजे दोनदा छाटणी, पण पीक एकदाच. एप्रिलमध्ये खरड छाटणी. ओलांड्यावर अगदी आखूड खुंट ठेवून बाकीचे सगळे काढायचे. नव्या काड्या कडक उन्हात वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांच्या आत, बाहेरून काही न दिसता, पुढच्या घडांची रचना होते. या दिवसांत आभाळ फार काळ भरून राहिले तर डोळे वांझ निघतात. ते कळते मात्र ऑक्टोबरनंतर. पाऊस संपता संपता गोडी छाटणी होते. मग डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. थंडीने जे काम केले असते, ते हे रसायन करते. तेव्हा या वेलीचा हिवाळा कात्री आणि रसायन मिळून आणतात.

पीक तयार होते जानेवारी ते मार्चमध्ये. थंडीच्या दिवसांत नाशिककडे रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, त्याने थोडे आम्ल राखले जाते. थंड प्रदेश आणता आला नाही, तरी पिकण्याचे दिवस थंडीकडे सरकवता आले. नारायणगावला १९८०च्या दशकात फसफसणारी वाइन तयार झाली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात नाशिकला फ्रान्सच्या शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या जाती लागल्या. तरीही उन्हे तापली की आम्ल घसरते, म्हणून उष्ण हवेतल्या रसात टार्टारिक आम्ल घालावे लागते. शाप्तालची अडचण साखरेची होती, आपली आंबटाची.

राज्याने २००१ साली वाइन धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क आखले. पलूसचे पार्क विंचूरसारखे बहरले नाही, आणि यात आम्हाला नवल वाटत नाही. तासगावचे शेतकरी खाण्याच्या द्राक्षांत आणि बेदाण्यात मुरलेले. थॉम्पसन सीडलेसच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ ही जात निवडून काढणारे वसंतराव आर्वे याच तालुक्यातल्या बोरगावचे. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची, बियांची. वाइनरीने ती घेतली नाहीत तर बाजारात त्यांना कोण विचारणार?

आणि कात्री कितीही चालवली तरी पाऊस हातात नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळाचा पाऊस आला, तेव्हा गोडी छाटणीनंतरच्या कोवळ्या घडांवर केवडा पसरला आणि बागाच्या बागा गेल्या. लवकर छाटावे तर परतीचा पाऊस, उशिरा छाटावे तर मार्चचे ऊन आणि गारपीट. त्यामुळे पुष्कळ जण सगळी बाग एकदम छाटत नाहीत. एक तुकडा सप्टेंबरअखेर, एक दसऱ्याच्या सुमारास, एक दिवाळीजवळ.